कोवळा पाला कच्चा खाताना: करडी, पाथरी, हरबऱ्याचे शेंडे आणि दुकानातली ती डबी

शिवारवाट

नमस्कार मंडळी. परवा सूनबाईनं मॉलमधून एक पारदर्शक डबी आणली. आत बोटाएवढी पानं होती. कोवळा पालक, लाल शिरांचं बीट, लेट्यूस आणि कातरलेल्या कडांचं रॉकेट. म्हणाली, "आई, हे सॅलडचं आहे. धुतलेलंच आहे, नुसतं ताटात घ्यायचं." रॉकेटचं एक पान तोंडात टाकलं तर मोहरीसारखं नाकात चढलं. मुळ्याचा कोवळा पाला मीठ लावून खाल्ला की चढतो ना, अगदी तसं.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. दसऱ्याच्या आगेमागे करडी पेरली की तीन-चार आठवड्यांनी विरळणी निघायची. दाट उगवलेली रोपं उपटायची, मुळाची माती झटकायची आणि ओटीत टाकायची. दुपारी बांधावर बसलं की आई त्यातलीच कोवळी पानं विहिरीच्या पाण्यात खळाळून घ्यायची, हातानं तोडायची, त्यावर कांदा, शेंगदाण्याचा कूट, लाल तिखट, मीठ आणि वर करडीच्या कच्च्या तेलाची धार. घोळाणा. सोबत ज्वारीची भाकरी. आम्ही त्याला सॅलड वगैरे म्हटलं नाही, पण कोवळी पानं तेल-मिठात घोळून कच्ची खायची म्हणजे दुसरं काय?

आता शहरात (छत्रपती संभाजीनगर) राहते. गच्चीवर तीन क्रेट आहेत. एकात करडी, एकात मेथी, तिसरा रिकामा. विचारायचं ते असं: कुठला पाला कच्चा घ्यावा, कुठल्याला आच दाखवावी? डबीतल्या पानांचं आपल्या स्वयंपाकात काय करावं? आणि माझी आई आता ७८ वर्षांची आहे, माझ्याकडंच असते, दात थोडेच उरलेत. तिला घोळाणा खायचाय. कसा देऊ?

गोदाकाठ

ताई, फार बरं वाटलं वाचून. मी परभणीचा, घरची शेती आहे. आमच्या भागात करडीचं तेल सगळेच सांगतात, भाजीचं मात्र कुणी बोलत नाही. ती भाजी बाजारात कमी येते, घरातच संपते.

करडीचं रोप सुरुवातीचे काही आठवडे उंच होत नाही. जमिनीलगत पानांचा गुच्छ करून बसतं आणि तेवढ्या वेळात मूळ खोल उतरवतं. पुढं पाऊस नसला तरी काळ्या रानात ती तग धरते ती या मुळावर. हा गुच्छाचा काळ म्हणजे भाजीचा काळ. दांडा वर निघाला की पानांच्या कडा राठ होतात आणि मग काटे येतात. काटा इतका कडक की ज्वारीच्या कडेनं करडीचे तास (ओळी) टाकायचे, जनावर आत शिरत नसे.

विरळणी आम्ही २० ते २५ दिवसांत करतो, दोन रोपांत साधारण २० सेंमी ठेवून. उपटलेलं सगळं भाजीला. आमच्या वावरात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी कुसुम हा वाण असतो. बिनकाट्याचे वाणही आहेत, फलटणच्या निंबकर संस्थेचा नारी-६ तसा. गच्चीवर नुसत्या भाजीसाठी लावायची तर कुठलंही चालेल, कारण काटा यायच्या आत तुम्ही खुडणारच.

खुडायची खूण सांगतो. पानाच्या कडेवरून अंगठा उलटा फिरवा. मऊ लागली तर कच्ची खा. किंचित खरखरली तर फोडणीत टाका. टोचली तर राहू द्या, फुलं बघा.

गोदाकाठ

एक राहिलंच. बी कुठून आणलंत? पेरणीच्या पिशवीतलं बी औषध लावलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी-लाल रंगाचं. ते मातीत पेरायला ठीक. पण हल्ली ताटलीत बी उगवून आठ-दहा दिवसांची इवली रोपं बियासकट खातात, त्याला ते बी कधीच वापरू नये. माझ्या बहिणीनं एका दुकानातून असंच मेथीचं बी नेलं, दुकानदार एक शब्द बोलला नाही. नशीब, ताटलीतलं पाणी गुलाबी झालेलं तिनं बघितलं आणि सगळं टाकून दिलं. असल्या कामाला किराणातली मेथी, मोहरी, धने घ्यावेत.

शिवारवाट

भावाच्या घरचं बी आहे, औषध नाही लावलेलं. अंगठ्याची खूण लक्षात ठेवते.

बालाघाटची_लेक

घोळाण्याचा विषय निघालाय आणि पाथरीचं नाव फक्त शीर्षकात? बीडकडं या थंडीत. ज्वारीच्या रानात ओल असली की पाथरी जमिनीला चिकटून पसरते. पानांना दातेरी कडा, पान तोडलं की देठातून पांढरं दूध येतं, पुढं पिवळं फूल. फूल यायच्या आत खायची, नंतर कडू होते. आम्ही ती शिजवत नाही. खुरपणीला गेलं की ओच्यात पाथरी आणि परत येताना हाताला चीक, तो वाळला की काळपट डाग पडतात. आजी म्हणायची, "डाग नसंल तर पाथरी खाल्ली कशानं?"

डबीतलं लेट्यूस आणि ही पाथरी एकाच कुळातल्या. लेट्यूसचा दांडा मोडला तरी दूध येतं. त्याचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, ते लॅटिनमधल्या दूध या अर्थाच्या शब्दावरूनच पडलंय. करडीसुद्धा त्याच मोठ्या कुळातली, सूर्यफुलाच्या. मला हे कळलं त्या दिवशी आजीच्या ओच्यातला पाला आणि हॉटेलातल्या काचेच्या वाडग्यातला पाला एकमेकांचे भाऊबंद निघाले याचा खूप आनंद झाला होता.

पाथरीचा घोळाणा करताना ती चिरू नका, हातानं तोडा. चिरली की चीक जास्त सुटतो आणि कडवटपणा वाढतो. कांद्याची पात मात्र बारीक चिरून त्यात हवीच.

नांदेडचा_मी

पाथरी +१.

रिकाम्या क्रेटमध्ये घोळ लावा ताई. लावायची पण गरज नाही, कुंडीच्या कडेला आपोआप येते. जाड, गुळगुळीत पानं, लालसर देठ. कच्ची खाल्ली तर आंबट आणि कुरकुरीत. गंमत अशी की सकाळी तोडलेली घोळ जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी तोडलेली कमी. पाण्याचा ताण असला की ती रात्रीची हवा घेऊन आंबट द्रव्य साठवते आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकते. आमची आई दह्यातली घोळ करायची तर चार वाजता तोडायची, आणि वरणात टाकायची तर सकाळी, म्हणजे चिंच लागत नाही. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

फक्त एक जपा. घोळीचा देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, नायटी आहे. ती पण जमिनीवर तशीच पसरते. पाथरीला दूध हवं, घोळीला नको.

पुण्यातला_मराठवाडी

डबीतल्या पानांबद्दल लिहितो, कारण इथं तीच मिळतात आणि मी गेली काही वर्षं त्यांवरच भागवतोय.

रॉकेटचा झणका पान चावल्या-चिरल्यावर तयार होतो. पानातली दोन द्रव्यं वेगवेगळी ठेवलेली असतात, पेशी फुटली की एकत्र येतात आणि तिखटपणा निघतो. मोहरी फेसताना, मुळा किसताना हेच होतं. उष्णतेनं हे काम थांबतं. म्हणून रॉकेट शिजवलं की नुसतं गवतासारखं लागतं. मी ते पिठलं ताटात वाढल्यावर वर टाकतो. खालचं पिठलं गरम, वरचं पान कच्चं आणि तिखट. पिठल्यात मग मिरची एक कमी. हे रॉकेट आपल्या देशातही पिकतं बरं का, राजस्थान-हरियाणाकडं तारामिरा म्हणून, तेलासाठी.

कोवळा पालक वरणात टाकतो, पण वरण उतरवल्यावर. झाकण ठेवून दोन मिनिटं. पान नुसतं मान टाकतं, लगदा होत नाही. बीटाची लाल पानं धिरड्यात. लेट्यूसला आच नकोच. त्यात मी दडपे पोहे गुंडाळून खातो, आमच्या शेजारच्या आजोबांना ते फार आवडतं.

आणि "धुतलेलं आहे" असं लिहिलं असलं तरी डबी उघडल्यावर वास घ्या. एका दुकानातून आणलेल्या डबीत वरची पानं टवटवीत आणि तळाशी चिकट काळं पाणी. दोनशे रुपये गेले. एक पान जरी बुळबुळीत दिसलं तरी पूर्ण डबी कंपोस्टात टाकतो.

शिवारवाट

पिठल्यावर रॉकेट! उद्याच करते.

कडबा_आणि_कोप

लातूरचं नाव वाचून थांबलो. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीत काय काय पडतं आठवा. तुरीचे ओले दाणे, हरबऱ्याचे घाटे, वाटाणा, गाजर, मेथी, चाकवत, कांद्याची पात, चिंच, सगळ्याला बांधायला डाळीचं पीठ. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे रानात जे जे कोवळं आहे ते एका पातेल्यात. आमची काकू दाणे आणि गाजर आधी शिजवायची, पीठ लावायची, आणि पालेभाज्या अगदी शेवटी, दोन उकळ्यांपुरत्या. कोपीत बसून खाताना मेथीचं पान वेगळं दिसायचं. आता बऱ्याच घरांत सगळं कुकरला एकदम लावतात. चव येते, पण रंग एकच होतो.

मी शेंड्यांविषयी लिहायला आलो होतो. हरबरा ३०-३५ दिवसांचा झाला की शेंडे खुडायचे. शेंडा गेला की झाड बगलेतून फुटतं, फांद्या वाढतात, घाटे जास्त लागतात. त्यामुळं ही भाजी पिकाचं काही घेत नाही, उलट देते. फुलं लागायच्या आतच खुडायची, त्यानंतर नाही.

कच्ची खाताना कोवळ्यात कोवळी दोन पेरं घ्या. मीठ आधी घालू नका. पानावरची आंब आंबट-खारट असते, चाखून मगच मीठ घाला. आणि हरबऱ्याची भाजी धुवायची नाही. धुतली की आंब गेली, मग राहिलं काय?

गोदाकाठ

इथं मला विरोध करावा लागेल दादा. आंबेचं सगळं मान्य. ती मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची असते, आमचे आजोबा पहाटे दवात पांढरं धडपं हरबऱ्यावरून फिरवून पिळून ठेवायचे, पोटदुखीला. पण ते रान वेगळं होतं. आज पेरल्याबरोबर तणनाशक, मग बुरशीचं, मग अळीचं. आपल्या वावरातला, न फवारलेला पाला असेल तर न धुता खा. बाजारातला असेल तर धुवाच. आंब जाईल, जाऊ द्या. लिंबू पिळा.

फवारलेल्या रानातला असेल तर धुऊनही उपयोग होईलच असं नाही. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणीत किती दिवस ठेवायचे ते छापलेलं असतं. ते बघूनच खुडावं, शेजाऱ्यालाही विचारावं.

कडबा_आणि_कोप

हे बरोबर आहे. मी घरच्या दोन तासांचं धरून बोललो, ते आम्ही खाण्यापुरते बिनफवारणीचे ठेवतो. बाजारच्या भाजीला माझा सल्ला लागू नाही. वर लिहिलेलं कुणी अर्धवट वाचू नये म्हणून हे सांगतोय.

औंढ्याची_उषा

मला मुतखडा झाला होता, म्हणून लिहिते. पालक, राजगिरा, चाकवत, घोळ यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं. कच्च्यात ते सगळं पोटात जातं. उकळून पाणी टाकलं की बरंच कमी होतं. दह्यासोबत खाल्लं तर दह्यातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरतं, म्हणून दह्यातली घोळ ही जोडी मला शहाणी वाटते. माझ्या डॉक्टरांनी मेथी चालेल म्हटलंय, त्यामुळं माझा घोळाणा मेथीचाच.

शिवारवाट ताई, तुमच्या आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. वॉर्फरिन असेल तर हिरव्या पाल्यातल्या के जीवनसत्त्वानं तिचा परिणाम कमी होतो. पाला बंद करायचा नसतो, रोज साधारण सारखा खायचा असतो.

शिवारवाट

तशी गोळी नाही, फक्त बीपीची आहे. पण विचारून घेतलं आज. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या.

चुलीपुढं

मी घोळाण्याचं एकदाच फसलेलं सांगते. दिराच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, २० माणसं. मला वाटलं आधी करून ठेवावं. अकरा वाजता मेथी, पात, कूट, तिखट, मीठ, तेल सगळं कालवून पातेलं झाकून ठेवलं. एकला उघडलं तर मेथी काळपट, तळाशी वाटीभर तिखट पाणी, कूट फुगून लगदा झालेला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी डाळीचं पीठ घेतलं, सगळं त्यात मळलं आणि थालीपिठं लावली. पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली.

त्या दिवसापासून माझी रीत ठरली. पाला सकाळी निवडायचा, दोन पाण्यांनी धुवायचा, सुती धोतरावर पसरून पूर्ण कोरडा करायचा. हे कोरडं करणं लोक सोडतात आणि तिथंच घोळाणा बिघडतो. ओल्या पानाला तेल धरत नाही, कूट नुसता गोळा होतो. कोरडा पाला ओलसर फडक्यात सैल गुंडाळून ठेवायचा. फ्रीजमध्ये ठेवला तर केळी-सफरचंदांपासून लांब, त्यांच्या वायूनं पानं पिवळी पडतात. कूट जाडसर, खलबत्त्यातला. मिक्सरचा बारीक झाला की त्याला तेल सुटतं आणि पाला चिकट होतो.

मग शेवटची भाकरी तव्यावर फुगायला लागली की परातीत पाला, पात, कूट, तिखट, तेल. बोटं उघडी ठेवून खालून वर घोळायचं, मुठीत दाबायचं नाही. मीठ सगळ्यात शेवटी, पंगत बसल्यावर.

पुण्यातला_मराठवाडी

चुलीपुढं, हे वाचून तोंडाला पाणी सुटलं. थालीपिठाची युक्तीही लिहून ठेवली.

धारूरचा_माळी

गच्चीसाठी थोडं. क्रेटला १५ सेंमी माती पुरते. लेट्यूस लावायचं असेल तर कार्तिक ते माघ एवढंच. पारा तिशीच्या वर गेला की बी नीट उगवत नाही, आणि उगवलेलं झाड उन्हानं तुरा काढतं, पान कडू होतं. आपल्या उन्हाळ्यात त्याच्या नादी लागू नये. चैत्रापासून तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, घोळ, ही उन्हाची लेकरं आहेत.

मेथी एकदम पेरू नका. ८-१० दिवसांच्या अंतरानं एक-एक पट्टा. पालक, लेट्यूस, राजगिरा कापताना मधला कोंब सोडून दोन बोटं वर कापा, परत फुटतात. मेथी एकदाच चांगली येते, ती उपटून घ्या.

नांदेडचा_मी

अंबाडीचं नाव काढलंत म्हणून. कोवळ्या अंबाडीची चार पानं मेथीच्या घोळाण्यात बारीक करून टाका, लिंबू लागत नाही. जून झाली की ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवायची, वर लसणाची खमंग फोडणी. आमच्याकडं तेलंगण जवळ, तिकडं तिचीच गोंगुरा.

बालाघाटची_लेक

निबर करडीचं पण सांगते, ताईंच्या क्रेटला उपयोगी पडेल. बारीक चिरायची, भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण, सुक्या मिरच्या. झाकण ठेवायचं नाही. झाकलं की वाफेतली आम्लं आत राहतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. करडीला एक उग्र वास असतो, तोही उघड्यावर उडून जातो. पाच मिनिटांत भाजी होते.

आणि आईंसाठी: घोळाण्याचं सगळं साहित्य घ्या, फक्त पाला विळीवर अगदी बारीक चिरा, कूट पाट्यावर वाटा, आणि गरम भाकरी कुस्करून ताज्या ताकात दहा मिनिटं भिजू द्या. मग त्यात कालवा. माझ्या आजीला शेवटची चार वर्षं असाच दिला. चावायला काही लागत नाही, आणि पानाची चव कच्चीच राहते.

शिवारवाट

काल केलं, म्हणून लिहायला बसले.

करडीचा क्रेट कापला. अंगठा फिरवला, मला मऊ वाटली. दोन पाण्यांनी धुऊन बाबांच्या जुन्या धोतरावर वाळवली. आमच्यासाठी हातानं तोडून, आईसाठी विळीवर बारीक. सूनबाईनं डबीतलं उरलेलं रॉकेट स्वतःहून त्यात मिसळलं, आणि ते करडीच्या तेलात फार चांगलं लागलं. मीठ शेवटी टाकलं. ताकातला काला आईनं वाटीभर खाल्ला आणि अजून अर्धी वाटी मागितली.

मग तिनं आमच्या परातीतलं एक अख्खं पान उचललं, डोळ्यांजवळ धरलं, कड दोन बोटांत घेतली आणि म्हणाली, "विरळणीची न्हाई ही. काटा धरायलीय."

मी कॅलेंडर काढून मोजलं. २९ दिवस झाले होते. गोदाकाठ दादा, तुमचा अंगठा आणि माझा अंगठा यांत अजून फरक आहे. उरलेली आज मूगडाळीत गेली, झाकण न ठेवता. क्रेट मोकळा झालाय, संध्याकाळी परत करडीच पेरते. या खेपेला २० व्या दिवशी आईलाच गच्चीवर नेईन.